उक्त्यात गेलेली म्हैस

आमच्या आईला तोलामापात कुणी फसवू शकत नाही. गावातल्या डेअरीत फॅट सहाच्या आसपास घुटमळली की ती यंत्र पुन्हा लावायला लावते. सकाळी सरकी किती घातली, म्हैस व्याल्याला किती महिने झाले, असं सगळं सांगून ती त्या पोराला गप्प करते. कांद्याच्या गोण्या गाडीत चढायच्या आधी घरी मोजल्या जातात, आणि विक्रीच्या पट्टीत हमाली-तोलाई जास्त कापलेली दिसली तर ती आठवडाभर बोलून दाखवते. तीच आई २०२५च्या उन्हाळ्यात गोठ्याच्या दारात पदर सावरत उभी होती. व्यापाऱ्यानं म्हशीभोवती एक चक्कर मारली, बरगडीवर हात फिरवला, पुठ्ठ्यावर थाप मारली, शेपटीच्या बुडाशी दोन बोटं दाबून पाहिली आणि अठ्ठावीस हजार म्हणाला. आई म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते, चाचा." वजन न करता, उक्ता सौदा झाला. चहा झाला. मी सुट्टीला आले होते, ओसरीवर बसून हे पाहत होते, आणि तो चहा मला काही केल्या जाईना.

पैशांची गरज होती म्हणून ती गप्प बसली असेल, असं मला आधी वाटलं. पण गरज कांद्याच्या वेळीही असते. तेव्हा ती भांडते.

म्हैस पंढरपुरी वळणाची होती, शिंगं खांद्यामागे पाठीवर गेलेली. तिच्या दुधावर माझ्या होस्टेलच्या मेसचे पैसे भरले गेलेत. शेवटच्या वेताला तिला दगडी, म्हणजे कासेचा आजार झाला. औषधं झाली, कास शेकून झाली, तरी दोन सड बाद झाले. त्यानंतर डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा भरवली आणि ती गाभण न राहता दर वेळी उलटली. भाकड म्हैस दुभतीएवढीच खाते, निदान मागते तरी तेवढंच. दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवं, वर कडबा, आणि समोर दुसरी म्हैस पेंड खात असताना हिच्या दावणीत नुसती वैरण टाकायची म्हणजे आईच्या जिवावर यायचं. ती दोघींनाही थोडी थोडी घालायची. एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी तळाला गेलं, घास वाळला, आणि मग एका रात्री जेवताना वडील ताटाकडे बघत म्हणाले, "चाचांना सांगावा धाडू का?" कुणी उत्तर दिलं नाही. आमच्याकडे असल्या गोष्टींना होकार असाच असतो.

चाचा आमच्या भागात पिढीजात येतात. आजोबांच्या वेळी त्यांचे वडील यायचे, सायकलवर. माणूस सज्जन आहे. माझ्या लग्नात जेवून गेलेत, आणि इसार, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन शब्द फिरवल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. त्यामुळे फसवणुकीची गोष्ट मी सांगत नाहीये. पण त्या दिवशी त्यांनी म्हशीकडे बघता बघता आईला एक प्रश्न विचारला होता, "वैरण किती राहिली, वहिनी?" आईनं खरं ते सांगितलं, पंधरवडाभर पुरेल. नंतर विचार करताना माझ्या लक्षात आलं की भाव तिथेच ठरला. पंधरा दिवसांनी आम्हाला विकावीच लागणार हे त्यांना कळलं. आमच्या बाजूनं मात्र आम्ही काहीच विचारलं नाही. गाडीत अजून किती जनावरं आहेत, माल कुठे जाणार, सध्या तिकडे दर काय, आणि मुख्य म्हणजे ही किती किलो भरेल.

लहानपणी आजोबांबरोबर मी घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात जायचे. म्हशींचा बाजार म्हटलं की आमच्या नगरकडच्या माणसाला घोडेगावच आठवतं. शेण, मूत, तुडवलेला ओला कडबा आणि कडेच्या हॉटेलातली भजी, या सगळ्याचा मिळून एक वास तिथे असायचा, तो घरी आल्यावरही चपलेला राहायचा. दुभत्या म्हशींचा थाट वेगळा. धुऊन, तेल लावून काळ्याभोर केलेल्या, शिंगांना रंग, गळ्यात गोंडे, आणि आदल्या संध्याकाळपासून धार न काढल्यानं कास तटतटलेली. गिऱ्हाईक खाली बसायचं, सडाला हात लावून बघायचं, दात मोजायचं, दुसा की चौसा की जुळलेली, म्हणजे दातांवरून वय किती, यावर वाद घालायचं. मग दोन माणसं हातात हात घालायची आणि वर उपरणं टाकायची. उपरण्याखाली बोटं धरून आकडा सांगायचा, समोरच्यानं एक बोट सोडून किंवा वाढवून उत्तर द्यायचं. भोवती चाळीस माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळायचा. मला तेव्हा ती जादू वाटायची. आता वाटतं, ज्याचा हात रोज त्या उपरण्याखाली जातो आणि ज्याचा पाच-सात वर्षांतून एकदा जातो, त्या दोघांची बोटं सारखी कशी बोलतील? म्हणून तर आजोबा स्वतः हात देत नसत. हेडी, म्हणजे दलाल मध्ये घालत. हेडी दोन्हीकडून पैसे घेई, आणि व्यापाऱ्याशी त्याची गाठ दर शुक्रवारी पडे, आमच्याशी क्वचित.

भाकडांची रांग बाजाराच्या कडेला असायची, कुंपणाजवळ. त्यांना कुणी तेल लावलेलं नसे. त्यांच्यापुढे उभं राहून कुणी फार बोलतही नसे. आजोबा त्या बाजूनं जाताना माझा हात जरा घट्ट धरत आणि पावलं उचलत. आमच्या गोठ्यातही चाचांनी म्हशीचं तोंड उघडून दात पाहिले नाहीत, हे मला नंतर आठवलं. दात पाहायची गरज नव्हती.

आणि बायका? त्या बाजारात मला जवळजवळ दिसायच्याच नाहीत. आमच्याकडे म्हैस सांभाळते बाई. तिला पाणी दाखवणं, धार, शेण, रेडकाला पाजणं, व्यायच्या रात्री कंदील घेऊन जागणं, हे सगळं बाईचं. विकायला मात्र पुरुष जातो, नाहीतर व्यापारी दारात येतो. जिच्या हाताखाली ते जनावर रोज वाढलं, तिच्याइतकं त्याचं अंग कुणाला माहीत असणार? पण किमतीच्या वेळी तिच्याकडे आकडाच नसतो, कारण आकड्याच्या ठिकाणी ती कधी उभीच राहिलेली नसते.

चाचा इसार देऊन गेले. म्हैस परवा नेतो म्हणाले. त्या मधल्या दिवशी मी माझ्या एका पशुवैद्यक मैत्रिणीला फोन केला. जनावराचं वजन काट्याशिवायही काढता येतं, ती म्हणाली. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या पुढच्या हाडापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. येतात ते किलो. थोडं मागेपुढे होतं, पण नुसत्या नजरेपेक्षा बरं. मी आईची शिवणाची टेप घेऊन गोठ्यात गेले. ती साठ इंचांची, म्हशीच्या छातीला पुरेना. मग कासऱ्यानं घेर घेतला, गाठ मारून खूण केली आणि ओसरीवर टेपनं मोजला. बहात्तर इंच. लांबी चौपन्न. म्हैस शांत उभी होती. माझ्या मनगटावरचं मीठ चाटत होती. मोबाइलवर गुणाकार केला तो ४२४ किलो आला. अठ्ठावीस हजार भागिले ४२४. किलोला सहासष्ट रुपये.

आईला तो आकडा दाखवला. तिनं मोबाइल हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. म्हणाली, "इसार घेतलाय." मग जरा वेळानं, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिचं वजन मी कोणत्या तोंडानं विचारायचं?"

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. दुधाचं माप विचारताना तिला काही वाटत नाही, कारण दूध म्हणजे दूध. वजन विचारायचं म्हणजे मांसाचं बोलायचं. जिला तिनं पोळ्याच्या दिवशी बैलांबरोबर ओवाळलं, आजारपणात जिला गूळ-बाजरीचं कढण पाजलं, तिचं मांस किती निघेल हा प्रश्न स्वतःच्या तोंडानं उच्चारायचा. तो उच्चारायला लागू नये म्हणून ती व्यापाऱ्याच्या तोंडून येईल तो आकडा घेते आणि लवकर आत निघून जाते. आमच्या घरात तर "चाचांकडे दिली" एवढंच म्हणतात, त्यापुढे कुणी जात नाही. आमचं माळकरी घर. आजी होती तोवर व्यापारी दारात आला की ती देवघरात जाऊन बसायची. मला या सगळ्याचा आदर आहे. माझाही घास त्या दिवशी उतरत नव्हता. पण मला हेही दिसतं की आमच्या त्या संकोचानं म्हैस वाचत नाही. ती जाते तिथे जातेच. फक्त स्वस्त जाते.

चाचा पिकअप घेऊन आले तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं. ते रागावले नाहीत. गाडीच्या फळीला टेकून त्यांनी हिशोब सांगितला. जिवंत वजनाच्या निम्म्याहून थोडं कमीच मांस हाती येतं. पोटात चारा-पाणी असतं त्याचं वजन धरता येत नाही, आणि प्रवासात जनावर आणखी उतरतं. कातडं एके काळी मोठी किंमत देऊन जायचं, आता नावाला. मग गाडीचं भाडं, आणि एका वस्तीवरून एकच जनावर उचललं तर ते सगळं भाडं त्या एकाच्या डोक्यावर. शिवाय रस्ता. कागद पुरे असले, कानात बिल्ला असला, डॉक्टरांचा दाखला असला, तरी रात्री गाडी अडवली जाते. कधी पैसे देऊन सुटते, कधी पोरं ड्रायव्हरला मारतात, कधी म्हशी आहेत हे दिसत असूनही जनावरं उतरवून घेतात आणि मग ती सोडवायला महिनोन्‌महिने कोर्टात जावं लागतं. "ही भीती मी कुठून वसूल करणार, बेटा? तुमच्याकडूनच करणार." आणि शेवटी म्हणाले, "वहिनींनी वजनाचं काढलं असतं तर मी वजनावर बोललो असतो. आमच्याशी वजनावर कुणी बोलतच नाही."

खरं तर आमच्या गोठ्याच्या दारातून बाहेर पडलं की पुढे सगळं वजनावरच चालतं. कत्तलखान्यात अंग काट्याला लागतं. दुकानात किलोनं विकलं जातं. भारतातून व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्तकडे म्हशीचं हाडं काढलेलं मांस जातं, गोमांसाच्या निर्यातीला बंदी आहे पण म्हशीच्या नाही, आणि ते सगळे करार टनावर होतात. वजन न विचारणारा या साखळीत एकच आहे, ज्यानं ते वजन चारा घालून, पाणी पाजून वाढवलं तो. आमच्या जिल्ह्यात उसाच्या काट्यावरून आंदोलनं झाली आहेत. कारखाना काटा मारतो म्हणून लोक बाहेरच्या काट्यावर ट्रॉली मोजून नेतात. कांद्याला काटा आहे, कापसाला आहे, भंगाराला आहे. बोकडांचा जिवंत वजनावरचा सौदा आता बऱ्याच ठिकाणी होतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. गुरांच्या बाजारात मी काटा पाहिलेला नाही.

बैलांचं म्हातारपण तर किमतीच्या बाहेरच गेलं. गायीच्या कत्तलीवर महाराष्ट्रात १९७६च्या कायद्यापासून बंदी होतीच. मार्च २०१५मध्ये बैल आणि वळू त्यात आले. त्याआधी थकलेली बैलजोडी विकून त्यात भर घालून शेतकरी नवी खोंडं आणायचा. आमच्या शेजारच्या काकांनी आजन्म तसंच केलं. आता त्यांच्या गोठ्यात एक म्हातारा बैल आहे, त्याला ते प्रेमानंच सांभाळतात, पण नवी जोडी घेतली नाही, नांगरट ट्रॅक्टरनं होते. म्हैस, रेडा आणि पारडं तेवढी या बंदीतून बाहेर राहिली, तीही दाखल्याच्या अटीवर. म्हणजे लहान शेतकऱ्याच्या गोठ्यात आता म्हैस हे एकच मोठं जनावर उरलंय, ज्याच्या म्हातारपणाला मोल आहे. ते मोल डोळे मिटून घेणं मला परवडणारं वाटत नाही. आणि रेडकांचं काय होतं ते तर गावात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हशीनं पान्हा सोडेपर्यंत रेडकू हवं, मग ते खुंट्याला. दूध विकायचं असतं, त्याच्या वाटेला उरत नाही, आणि बरीच रेडकं महिन्या-दोन महिन्यांत मरतात. नर रेडकं जगवून वाढवण्यासाठी केंद्राची एक योजनाही एके काळी आली होती. पण वाढलेल्या किलोमागे आपल्याला काय मिळेल हे जिथे माहीतच नाही, तिथे कोण एका रेड्याला दीड-दोन वर्षं चारा घालेल? त्या लहान जिवांच्या उपासमारीतही आमच्या उक्त्या सौद्याचा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

आमची म्हैस गेली, आणि त्याच वर्षी पावसाळ्यात कुरेशी समाजातल्या व्यापाऱ्यांनी राज्यभर खरेदीच थांबवली. गाड्या अडवणं, मारहाण, गुन्हे, याला कंटाळून. चाचांचा फोन लागायचा, पण ते नुसते खुशाली विचारायचे. बाजारात भाकडं उभी राहून परत यायची. आमच्या वस्तीवरच्या एका बाईनं दोन वेळा भाडं भरून म्हैस बाजारात नेली आणि तशीच परत आणली. तिच्या दारात बसले असताना मला पहिल्यांदा नीट कळलं की गिऱ्हाईक घाबरलेलं असेल तर विकणारा सुरक्षित राहत नाही. चाचांची भीती आणि आमचा भाव एकाच दाव्याला बांधलेत. रस्त्यावर कायद्यानं चाललेल्या गाडीला कुणी हात लावणार नाही एवढी हमी मिळाली, तर दर जनावरामागे काही हजार तरी आमच्या ओसरीवर जास्त येतील, त्यासाठी कुठल्या अनुदानाची गरज नाही. आई त्या दिवसांत म्हणाली, "आपली आधी गेली ते बरं झालं." आणि लगेच तिचा चेहरा असा झाला की जणू आपण भलतंच काही बोलून गेलो.

मी नंतर वस्तीवरच्या बायकांशी बोलले. बचत गटाच्या बैठकीत, हप्ते गोळा करून झाल्यावर. आधी सगळ्या इकडेतिकडे बघत होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला. मग त्यांच्यातलीच एक, जिची म्हैस त्या पावसाळ्यात परत आली होती, ती म्हणाली की बोलूया, कुणीतरी बोलायलाच पाहिजे. त्यातून काही गोष्टी निघाल्या, त्या माझ्या नाहीत, त्यांच्या आहेत. वैरण संपत आल्यावर व्यापाऱ्याला बोलवायचं नाही, दिवाळीच्या सुमारास, हिरवं हाताशी असताना बोलवायचं. विकायच्या आधी दीड-दोन महिने म्हशीला थोडी पेंड जास्त घालायची, ती अंगाला लागते आणि तिचे पैसे परत येतात, वजनावर विकली तर. कानातला बिल्ला आणि डॉक्टरांचा दाखला आधीच तयार ठेवायचा, कारण बिल्ल्याशिवाय आता खरेदी-विक्री होत नाही आणि ऐनवेळी त्याचेही पैसे किमतीतून कापले जातात. तिघी-चौघींची जनावरं एका दिवशी, एका गाडीत द्यायची, म्हणजे भाडं वाटलं जाईल. एकाऐवजी दोन-तीन व्यापाऱ्यांना सांगायचं. आणि उसाच्या काट्यावर गाडी आधी रिकामी, मग म्हशीसकट उभी करायची. काट्यावाला सोय करून देईल, कारण त्याला पावतीचे पैसे मिळतात.

काटा म्हटल्यावर बैठकीत पुन्हा शांतता झाली. तिथवर सगळ्या बोलत होत्या. काट्यावर म्हैस चढवायची, गावातल्या लोकांसमोर, आणि आकडा मोठ्यानं वाचला जाणार. एकीचे मालक म्हणाले, आपण काय खाटीक आहोत का? दुसरी म्हणाली, रात्री नेऊ. आईनं काहीच म्हटलं नाही. पण घरी येताना रस्त्यात तिनं मला विचारलं की तो घेर पायांच्या मागून घ्यायचा की पुढून. मी दाखवलं, तिच्याच दंडावर हात ठेवून. यंदा दिवाळीनंतर तीन म्हशी जायच्या आहेत. त्यातली एकही आमची नाही, पण माप घ्यायला आईला बोलावलंय. त्या तिघींच्या घरांतून अजून पक्का होकार आलेला नाही, आणि चाचा म्हणालेत की तिघी मिळून वजनावर बोलणार असतील तर ते आदल्या दिवशी दर सांगतील, आईलाच सांगतील.